बाईंना अडलेला शब्द

लहानू,

रविवारी साडेचारला मी अजून दोन कपांचं पाणी ठेवते. ते उकळायला लागलं की लक्षात येतं. ओतून टाकवत नाही, म्हणून चहा तसाच करते आणि दुसरा कप शेजारच्या पागींना नेऊन देते. पागी पूर्वी जव्हार-मोखाडा गाडीवर कंडक्टर होते. तुझं नाव छापून आलेलं प्रत्येक वर्तमानपत्र मला त्यांनीच आणून दिलं. ते एक घोट घेतात आणि म्हणतात, "साखर जास्त झाली, बाई. ही राखण्याची साखर."

तू तीन चमचे घ्यायचास. माझा हात अजून तेवढीच घालतो.

हे तुला लिहिते आहे, पण वाचणार आहेत माझी नातवंडं, ईशा आणि निहार. तू गेल्याचं कळलं तेव्हा निहारनं फोनवर विचारलं, "राखण्या आजोबा म्हणजे, ज्यांनी मला अंगणात लिंबं अडवायला शिकवलं ते?" मी हो म्हटलं आणि पुढे मला बोलता येईना. म्हणून लिहून पाठवायचं ठरवलं. दोघंही मराठी वाचतात, पण ओळीवर बोट ठेवून. त्यामुळे तुला ठाऊक असलेल्या गोष्टीही मला इथे सांगाव्या लागतील. कंटाळू नकोस. आणि एक गोष्ट अशी आहे, जी तुला कधी सांगितली नाही. तीही त्यांच्याच निमित्तानं सांगून टाकते.

मी तुला पहिल्यांदा पाहिलं ते पटावर, गैरहजर म्हणून. पावसाळा सरून नागली पिकायला लागली की तू शाळेतून नाहीसा व्हायचास. मोखाड्याकडच्या तुमच्या पाड्यात, शेतातल्या माळ्यावर दिवसभर उभं राहून गोफणीनं पाखरं उडवायचास. हे काम करणाऱ्याला तिकडे राखण्या म्हणतात. परत यायचास तेव्हा इंग्रजीचे तीन धडे पुढे गेलेले असायचे. मी रागवायचे. तू खाली मान घालून सगळं ऐकून घ्यायचास आणि शेवटी विचारायचास, "बाई, आता कोणता पान?" मी म्हणायचे, "कोणतं पान." तू म्हणायचास, "हो, तोच."

आमच्या शाळेत ड्रिलचे मास्तर पूर्वी फौजेत होते. त्यांनी कुठून तरी दहा-बारा जुन्या हॉकीच्या काठ्या मिळवल्या आणि तुला गोलात उभं केलं, कारण अंगावर येणाऱ्या चेंडूला तू डोळे मिटत नसायचास. एका बाजाराच्या दिवशी तुझी आई मैदानाच्या कडेला येऊन थांबली. थोडा वेळ पाहिलं आणि मास्तरांनाच जाब विचारला, "बाकीची पोरां धावतात, नि माझाच का उभा?"

मास्तर म्हणाले, "तो गोल राखतो, मावशी."

"म्हंजे राखण्याच ना! त्याला शाळंत कशाला धाडला मंग?"

त्या दिवसापासून तू राखण्या झालास. पुढे मुंबईच्या एका कंपनीनं तुला खेळाडू म्हणून नोकरी दिली, राज्याच्या संघात तुझी निवड झाली, वर्तमानपत्रं तुझ्या नावाचं स्पेलिंग दर वेळी वेगळं छापू लागली; तरी जव्हारच्या स्टँडवर तू राखण्याच राहिलास. ती कात्रणं माझ्याकडे फाइलमध्ये आहेत, तारखेप्रमाणे. चुकलेली स्पेलिंगं मी लाल शाईनं दुरुस्त केली आहेत.

ईशा, निहार, आम्ही त्याचे कसले चाहते होतो ते तुम्हाला सांगायला हवं. एकदा अंतिम सामन्यासाठी आम्ही एक गाडी भरून मुंबईला गेलो होतो. शेवटी समोरच्या संघाला पेनल्टी स्ट्रोक मिळाला, म्हणजे मारणारा एक, अडवणारा एक आणि मधे कोणी नाही. सगळं मैदान गप्प झालं. तेवढ्यात, लहानू, आमच्या रांगेतून तुझ्या पाड्यातलं कोणी तरी ओरडलं, "राखण्या, पाखरू आलं रं!" मग सगळेच ओरडू लागले, पागी तर बाकावर उभे राहून. तू उजवीकडे झेपावलास, चेंडू तुझ्या बरगडीवर आदळला आणि बाहेर गेला. संध्याकाळी बरगडीला पट्टी बांधून तू आमच्या गाडीपाशी आलास, सगळ्यांच्या पाठीवर थापा खाल्ल्यास आणि मला हळूच विचारलंस, "बाई, तुम्ही ओरडल्या का?"

"शिक्षिका ओरडत नाहीत, लहानू."

"मंग वर्गात काय करायच्या?"

गाडी निघेपर्यंत सगळे हसत होते. मी खरंच ओरडले नव्हते. पर्सचा बंद मुठीत धरून बसले होते. परत आले तेव्हा त्याची शिवण उसवलेली होती.

आता ते पत्र.

भाताची कापणी चालू होती. तू रजेवर पाड्यात आला होतास, म्हणून कंपनीनं पत्र घरच्या पत्त्यावर धाडलं. ते घेऊन तू, तुझी आई आणि पाड्यातली पाच-सहा माणसं माझ्या ओसरीवर आलात. सगळ्यांच्या कपड्यांना भाताची कुसं चिकटलेली होती. परदेश दौऱ्यासाठी देशाचा संघ निवडला होता. त्यात तुझं नाव होतं आणि नावापुढे इंग्रजीत लिहिलं होतं, स्टँडबाय गोलकीपर.

तुमच्या संघात राखीव खेळाडूला एक्स्ट्रा म्हणायचे. स्टँडबाय हा शब्द तुझ्या कानावरून कधी गेलाच नव्हता. पण तू माझा विद्यार्थी होतास. मी फळ्यावर शिकवायचे तशी तू त्याची फोड केलीस. "स्टँड म्हणजे उभं राहणं. बाय म्हणजे जवळ. गोलाजवळ उभा राहणारा. म्हणजे मीच ना, बाई? मीच उभा राहणार."

तुझ्या आईनं मधेच विचारलं, "कोणचे बायजवळ उभा ऱ्हायचास रं? लगीन नाय झाला अजून तुझा!"

सगळे खो खो हसले. तुमच्याकडे बाईला बाय म्हणतात, हे इंग्रजीच्या पुस्तकात कुठे लिहिलेलं असणार? तू लाजलास आणि माझ्याकडे पाहिलंस. उत्तर लिहून झाल्यावर मुलं पाहतात तसं.

लहानू, मला तो शब्द येत होता.

स्टँडबाय म्हणजे राखीव. कोणाला दुखापत झाली तरच बोलावणं. नाही तर नाही. हे मला पत्र हातात घेताक्षणीच कळलं होतं. अर्धा गुणसुद्धा उगाच न देणारी मी. तुझ्या वर्गातल्या एकाला एका स्वल्पविरामासाठी पुन्हा निबंध लिहायला लावला होता. पण तुझी आई पदराच्या गाठीतून गूळ काढून सगळ्यांच्या हातावर ठेवत होती. माझ्याही हातावर तिनं खडा ठेवला. मी तो तोंडात टाकला आणि म्हणाले, "बरोबर."

पाड्यात त्या संध्याकाळी तारपा वाजला. मीही होते. सगळे हात धरून गोल फिरत होते. मला फिरायला बोलावलं तेव्हा मी पाय दुखतात असं सांगितलं.

मग तू शिबिराला गेलास आणि अकराव्या दिवशी दुपारी माझ्या दारात उभा राहिलास. हातात दौऱ्यासाठी भरलेली बॅग, तशीच. "विमान गेलं, बाई," एवढंच म्हणालास. बॅग खाली ठेवून म्हणालास, "फाटकापर्यंत मलापण नेला. मग मी तिथंच उभा."

पाड्यात जायला तुझा पाय उचलेना. तिकडे सगळे रेडिओला कान लावून बसले होते. तू तीन दिवस आमच्याकडे राहिलास. जेवलास, पाणी भरलंस, माझ्या अंगणाचं मोडलेलं कुंपण बांधायला घेतलंस. तिसऱ्या दिवशी सकाळी माझ्याकडे पाठ करून, बांबूला काथ्या आवळता आवळता तू विचारलंस, "बाई, तुम्हाला तो शब्द येत होता का?"

मी वर्गात नेहमी सांगायचे, येत नसेल तर सरळ येत नाही म्हणा, खोटं उत्तर देऊ नका. त्या दिवशी मी येत असून येत नाही म्हणाले. "नाही रे. मलाही अडला."

तू गाठ पक्की केलीस, उरलेला काथ्या विळ्यानं कापलास. मग म्हणालास, "असू दे, बाई."

दुपारी आपण दोघं पाड्यात गेलो. माणसं जमली. कोणी विचारायची वाट न बघता तूच म्हणालास, "शब्दाचा अर्थ वेगळा निघाला. बाईंना पण अडला." एक म्हातारा म्हणाला, "बाईलाच अडला, तं आपली काय कथा!" त्यावर एकदोघं हसले, मग सगळेच हसले आणि सगळ्यांच्या मनावरचं ओझं उतरलं. तुझी आई मात्र हसली नाही. तिनं तुझ्या खांद्यावरची बॅग काढून घेतली आणि म्हणाली, "पाखरां आलीच नाय, तं राखण्या काय करल? उभाच ऱ्हाल ना!"

मी इंग्रजी साहित्याची पदवी घेतलेली बाई. तुझी आई एका वाक्यात जे म्हणाली, ते मला तीन दिवसांत सुचलं नव्हतं.

त्यानंतर माझी खोटी कबुली तुझ्या कायमच्या उपयोगाची झाली. निवृत्त होऊन तू परत आलास आणि जव्हारच्या मैदानावर मुलामुलींना खेळ शिकवू लागलास. वावर-वांगणीकडची पोरं आश्रमशाळेत येत, त्यांना शाळेतलं मराठीच अर्धं परकं वाटे, मग इंग्रजीचं काय सांगायचं. कोणी पुस्तक मिटून रडायला लागलं की तू सांगायचास, "अरे, आपल्या बाई केवढ्या शिकलेल्या. त्यांना पण एक शब्द अडला होता. तुला चार अडले तं काय झाला?" पोरं माझ्याकडे आदरानं आणि थोड्या दयेनं बघायची. मी रविवारी तुझ्यासमोर तीन चमचे साखर घालायचे आणि ठरवायचे, आज सांगू. मग तू शिरपामाळपर्यंत पळताना कोण धापा टाकत होतं, कोणी वाटेत करवंदं खाल्ली ते सांगायला लागायचास. साडेपाचला तुझी गाडी असायची.

तुझी एक रीत होती. प्रत्येक सामन्यात, जिंकत असू दे की हरत असू दे, राखीव खेळाडूला पाच मिनिटं उतरवायचंच. तू त्यांना एक्स्ट्रा म्हणायचा नाहीस, राखीवही नाही. स्टँडबाय म्हणायचास, आणि तो शब्द असा उच्चारायचास की पोरांना ती एखादी पदवी वाटे.

यावरून आपलं भांडण व्हायचं. मला नियम आवडतात, पण हरवणारे नियम आवडत नाहीत. शेवटचं भांडण तुला आठवत असेलच. निहार-ईशासाठी सांगते. मुलींचा अंतिम सामना होता. आपण एका गोलानं पुढे होतो, पाचच मिनिटं उरली होती. तू चांगल्या खेळणाऱ्या गोलकीपरला बाहेर बोलावलंस आणि रोशनीला आत पाठवलंस. रोशनी वांगणीची, आठवीतली. पॅड तिला मांडीपर्यंत येतात. पाच मिनिटांत दोन गोल झाले. हरलो.

मी खुर्ची सोडून तुझ्याकडे आले आणि सगळ्यांसमोर बोलले, "लहानू, याला शिस्त नाही म्हणत, हट्ट म्हणतात."

"मग तिला उभी कधी करायची, बाई?"

"सरावात."

"सरावात तं भिंतपण उभी ऱ्हाते."

तिथे मी थांबायला हवं होतं. पण मी म्हणाले, "तुझा जुना राग तू या मुलींच्या सामन्यावर काढतोस."

तू पॅडचे पट्टे सोडवत होतास. वर न पाहता म्हणालास, "राग कोणावर धरू? तुम्हाला शब्द येत नव्हता, नि पेपरवाल्यांना माझं नाव लिहिता येत नव्हतं." आणि हसलास. मी हसले नाही. खुर्ची मिटून घरी आले.

पुढच्या रविवारी तू आला नाहीस. त्याच्या पुढच्याही नाही. मी मनाशी म्हटलं, तिसऱ्या रविवारी आला की सांगायचंच, काही झालं तरी. शुक्रवारी सकाळी पागी दारात आले, तेव्हा त्यांच्या हातात वर्तमानपत्र नव्हतं. मला त्यावरूनच कळलं.

तुझे दिवस पाड्यात झाले. त्यानंतरच्या रविवारी मैदानावर आम्ही सगळे जमलो. मी बोलणाऱ्यांची यादी केली होती, प्रत्येकाला तीन मिनिटं. यादी कोणी पाळली नाही. पागी तो पेनल्टी स्ट्रोक सांगताना पुन्हा बाकावर चढले, त्यांना चौघांनी उतरवलं. मग मुलींनी ठरवलं की सरांसाठी फक्त स्टँडबायचा सामना खेळायचा. दोन्ही संघ उभे राहिले. एक गोल मोकळा होता. पॅड खांबाशी पडले होते.

रोशनी पाण्याच्या टाकीमागे बसलेली होती. मी गेले तर उठून उभी राहिली आणि म्हणाली, "मी नाय खेळत, बाई."

"का?"

ती टाकीकडे तोंड करून उभी राहिली. मग म्हणाली, "माझ्यामुळं तुमचा नि सरांचा भांडण झाला. सरांनी मनाला लावून घेतला. मंग गेले."

लहानू, ती हे इतके दिवस उराशी घेऊन फिरत होती. मी माझं चाळीस वर्षं फिरवलं, पण मी मोठी आहे, माझं मीच केलेलं होतं. तिचं तर तिनं केलेलंही नव्हतं. मी टाकीच्या कट्ट्यावर बसले, तिला शेजारी बसवलं आणि सगळं सांगितलं. पत्र, गूळ, "बरोबर", कुंपण. ते भांडण तिच्यामुळे नव्हतं म्हणाले, ते एका जुन्या शब्दाचं होतं. आणि तो शब्द मला येत होता.

तिनं डोळे मोठे केले. "येत होता?"

"येत होता."

"मंग सरांना सांगितला का नाय?"

"आधी आनंद मोडवेना म्हणून. नंतर भीती वाटली म्हणून."

"सर मारणार थोडेच होते!"

"मारण्याची नाही गं. तो रविवारी यायचा बंद होईल, याची."

तिनं पायाच्या अंगठ्यानं माती उकरली. मग म्हणाली, "सर आम्हाला सांगायचे, काय पण विचारा बाईंना, तो एक शब्द तेवढा विचारायचा नाय. बाईंना लागतो."

मी तिला पुन्हा सांगायला लावलं. तिनं पुन्हा तसंच सांगितलं.

म्हणजे तुला कळलं होतं का, लहानू? कुंपणापाशीच, की नंतर कधी? की बाईला शब्द आला नाही याची लाज वाटत असेल, एवढंच तुझ्या मनात होतं? मी हे उलटसुलट करून पाहिलं आहे. माझ्याकडे उत्तरपत्रिका नाही. इतकं मात्र दिसतं की तुझी आई विनोदानं जे बोलली, तेच खरं झालं. चाळीस वर्षं तू माझ्या खोटेपणाची राखण केलीस. बायजवळ उभा राहिलास.

रोशनीनं पॅड बांधायला घेतले. पट्टे तिच्या हाताला आवळत नव्हते, ते मी आवळून दिले. माझी खुर्ची नेहमी मध्यरेषेच्या टोकाशी, मैदानाबाहेर असते, तुला माहीत आहे. ती उचलून मी गोलाच्या खांबाशी नेली. मग बसले नाही. गुडघे कुरकुरत होते, तरी तिच्याजवळ उभी राहिले. समोरून एक उंच मुलगी चेंडू घेऊन पळत येत होती आणि मधे कोणी उरलं नव्हतं. रोशनीनं एकदा मान वळवून माझ्याकडे पाहिलं.

तू विचारलं होतंस ना, बाई, तुम्ही ओरडल्या का?

हो लहानू, ओरडले. "पाखरू आलं गं!"